अण्णांची हाक आणि कानातली बुचं

“दुकानात कोणी माहीतगार माणूस नाही का?”

गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघतं, माझ्या खांद्यावरून मागे बघतं आणि हा प्रश्न विचारतं. मागे भिंत आहे. भिंतीला विचारा, असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. कोथरूडमध्ये जन्म काढून एवढा संयम पाळल्याबद्दल खरं तर माझा सत्कार व्हायला हवा.

मी हेडफोनच्या काउंटरवर असते. आधी मिक्सरच्या काउंटरवर होते. तिथे मी गिऱ्हाइकांशी भांडते अशी तक्रार गेली, म्हणून मालकांनी मला इकडे हलवलं. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. हेडफोनच्या गिऱ्हाइकाच्या कानात आधीच काहीतरी असतं, त्यामुळे सुलभाबाईंचं, म्हणजे माझं, बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, असा काकांचा हिशेब होता. तो चुकला. मी वाट बघते, त्यांनी कानातलं काढलं की बोलते.

कानाच्या भोकात घालायच्या या प्रकाराला धंद्यात इन-इअर म्हणतात. मी बूच म्हणते, कारण ते बूचच आहे. टोकाला रबरी टोपी असते. ती घट्ट बसली की आतला आवाज आत राहतो आणि बाहेरचा बाहेर. सैल बसली की डग्गा गायब होतो आणि नुसती टिकटिक उरते. डब्यात लहान, मधली, मोठी अशा तीन मापांच्या टोप्या असतात. मधली आधीच चढवलेली असते; उरलेल्या टोप्यांची पिशवी लोक न उघडताच डब्यासकट माळ्यावर टाकतात आणि चार दिवसांनी येऊन मला सांगतात, “यात बेसच नाही.” मी म्हणते, डावीकडे लहान टोपी घालून बघा, तुमचा डावा कान जरा अरुंद दिसतोय. एक गृहस्थ यावर एवढे भडकले, की मी त्यांच्या घराण्यावरच काही बोलले असं बघणाऱ्याला वाटावं. “माझे दोन्ही कान सारखे आहेत! लहानपणापासून!”

टिकाऊपणाचंही तेच. वायरवालं बूच मोडतं ते पिनेच्या मानेशी, कारण लोक ते वायरीला धरून उपटतात. बिनवायरीचं मोडत नाही, मरतं. त्याच्या पोटात हरभऱ्याच्या डाळीएवढी बॅटरी असते. ती म्हातारी झाली की वस्तू संपली, कारण ते उघडायची सोयच ठेवलेली नाही. आणि ‘आवाज कमी झाला’ म्हणून जी बुचं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या जाळीत गिऱ्हाइकाच्याच कानातला मळ असतो. हे तोंडावर सांगणार कसं? मी ‘धूळ’ म्हणते. एका बाईंनी त्यावर मला सुनावलं, “आमच्याकडे रोज झाडलोट होते. धूळ तुमच्या दुकानातली असेल.”

बुचांची तुलना कशी करायची, हे मला मार्केट यार्डातल्या एका आडत्यानं शिकवलं. मी नेहमीप्रमाणे गाणं लावून देत होते, तर म्हणाला, “ताई, गाणं नका लावू. गाणं सगळ्यातच ग्वाड लागतंय.” त्यानं आपल्या मोबाइलवरचा कांद्याच्या लिलावाचा आवाज लावला. पाचसहा माणसं एकदम ओरडतायत, मधे टेम्पो, आणि लांब मागे एक हमाल ‘बाजूला सरा’ म्हणतोय. “तो हमाल ज्यात ऐकू येतोय, त्ये द्या.” माणूस खरं बोलला होता. ओळखीच्या गाण्यात जे ऐकू येत नाही, ते आपला कान मनानं भरून काढतो. लिलावात भरून काढायला काही नसतं. मी तो लिलाव मागून घेतला आणि तेव्हापासून येणारा प्रत्येक नवा माल त्यावर ऐकते. घरी स्वयंपाक करतानासुद्धा ऐकत असे, तेव्हा आमचे हे रोज विचारायचे, “काय, कांदा चढला का आज?”

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या संतापाकडे येते.

एका कंपनीनं आमच्या दुकानात स्टँड आणून उभा केला. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? स्टँडवर चार बुचं लटकवलेली, चारींखाली चार बटणं. तीन इतर कंपन्यांची, चौथं यांचं. वर पाटी: ‘जग बंद. फक्त तुम्ही.’ बटण दाबा, ऐका, स्वतः ठरवा. लोक ऐकायचे आणि दहा मिनिटांत चौथं घेऊन जायचे.

मी माझा मोबाइल जोडून त्यावर लिलाव लावून ऐकला. चौथं भरदार वाटलं, पण हमाल गायब. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर उलगडलं. चौथ्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा ठेवलेला होता. फार नाही, लक्षात येणार नाही इतपतच. माणसाच्या कानाला एक खोड आहे: दोन आवाजांतला जो जरा मोठा, तो त्याला चांगला वाटतो. दुधात साखर जास्त घालून ‘आमच्या म्हशीचं दूध बघा’ म्हणावं, तसला हा प्रकार.

कंपनीचा माणूस रोहन, वाघोलीहून यायचा. नेहमी इस्त्रीचा शर्ट, आणि कानांत सदैव स्वतःच्या कंपनीचा माल. मी त्याला म्हटलं, “चारींचा आवाज सारखा करा. मग बघू कोण जिंकतं.”

“मॅडम, सेटिंग कंपनीतून येतं. आपल्याला टच करता येत नाही.”

“तुम्हाला स्वतःला हे पटतं?”

त्यानं एका कानातलं काढलं. “काय म्हणालात?”



त्याच सुमाराला मी भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेले, आणि नेमकी त्या चार दिवसांत मंजिरी दुकानात येऊन गेली. मंजिरी आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहते. ती घरी बसून मुलाखती टंकते. खेड्यापाड्यांतल्या बायकांशी संशोधक मंडळी तासन्‌तास बोलतात, ते ध्वनिमुद्रण हिच्याकडे येतं आणि ही शब्दन्‌शब्द उतरवून देते. नवरा शिरीष नाशिकला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. घरात ती आणि सासरे.

सासरे म्हणजे अण्णा. वय चौऱ्याऐंशी, सरकारी खात्यातून निवृत्त, पाय डळमळीत, जीभ खणखणीत. एकट्यानं उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मंजिरी पूर्वी स्पीकरवर मुलाखती ऐकायची, तर अण्णा आतल्या खोलीतून त्यांना उत्तरं द्यायचे. ध्वनिमुद्रणातली बाई म्हणायची, “मग सासूनं मला घराभाईर काढली.” आतून अण्णा: “मग तू काय केलंस ते सांग, सासूचं आम्हाला ठाऊक आहे.” शिवाय त्या बायकांचं बोलणं चारचौघांत वाजवायचं नाही, अशी कामाची अट होती. म्हणून तिला कानात घालायचं काहीतरी हवं होतं. डोक्यावरून घ्यायचे मोठे हेडफोन तिला चष्म्याच्या काड्यांवर दाबत. ती दुकानात गेली, स्टँडवर चार बटणं दाबली आणि इतरांसारखंच चौथं घेऊन आली.

पंधरा दिवसांत अण्णा न्हाणीघरात पडले.

हात मुरगळला एवढंच, हाड शाबूत राहिलं. पण मंजिरी चहा करायला उठेपर्यंत ते फरशीवर बसून होते. ती मधल्या खोलीत, कानांत बुचं, जग बंद.

“अण्णा, तुम्ही ओरडला का नाहीत?” मी विचारलं. “तांब्या आपटायचा बादलीवर!”

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना नाचायलाच सांगितलं. “सुलभा, न्हाणीघरातून सुनेच्या नावानं आरडाओरडा करायचा? आणि तांब्या बडवायचा? मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, ‘अगं मंजिरी, जरा येतेस का.’ सहा-सात वेळा म्हणालो. आणखी काय करायचं?”

या माणसानं आयुष्यात आवाज चढवलेला नाही. हाताखालच्या लोकांना याच पट्टीत झापलं, पोरांना याच पट्टीत वाढवलं. फरशीवर बसून मदत मागायची वेळ आली तेव्हाही पट्टी तीच. मनगटाला बांधायची बिनतारी घंटा शिरीषनं आणून दिली होती. ती त्यांनी परत दिली: “मी काय लॉजमध्ये उतरलोय?”

शिरीष सुट्टीला आला आणि रविवारी एकदाच बोलला. मंजिरी काम सोडेल किंवा अण्णा दिवसभर म्हाताऱ्यांच्या काळजी केंद्रात जातील. असं वाऱ्यावर घर चालणार नाही. मंजिरीनं काम सोडायला नकार दिला नाही, होकारही दिला नाही. अण्णांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी वाटीभर उपमा घेऊन गेले, तर खुर्चीत बसून खिडकीकडे बघत होते. “तिथे म्हणे सकाळी टाळ्या वाजवून घेतात सगळ्यांकडून. व्यायाम म्हणून,” एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला काहीतरी खाली गेलेलं ऐकू आलं.

मी मंजिरीची बुचं घेऊन तडक दुकानात गेले. म्हटलं, काका, हे परत घ्या, बदलून दुसरं द्या.

“अहो सुलभाबाई, कानात घातलेला माल परत घेत नाहीत. आरोग्याचा प्रश्न आहे. कंपनीचा नियम.”

“आणि स्टँडवरची? ती सकाळपासून अख्ख्या कोथरूडच्या कानांत जाऊन येतात. तिथे आरोग्य कुठे जातं?”

काका चष्मा पुसायला लागले. त्यांना उत्तर नसलं की चष्मा मळतो.

मला राग आला तो बूच वाईट आहे म्हणून नाही. ते सुबक होतं, टिकलंही असतं. राग आला तो ‘सगळ्यात चांगलं’ या शब्दाचा. सगळ्यात चांगलं कोणासाठी? इंटरनेटवर लोक पानंच्या पानं तुलना लिहितात: आवाज दहापैकी किती, आराम किती, टिकाऊपणा किती, बाहेरचा गोंगाट किती अडतो. बाहेरचा गोंगाट! मंजिरीच्या घरात बाहेरचा गोंगाट म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा. तुमच्या घरात तुम्हाला हाक मारणारं कोणी आहे का, हा प्रश्न एकाही तुलनेत मी वाचलेला नाही. ना तो स्टँडवर होता. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही तोवर कोणाला तो विचारला नव्हता.

पुढच्या रविवारी मी दुकानातून दाखवायची चार बुचं घेऊन मंजिरीकडे गेले. काकांना विचारून गेले, ते म्हणाले, “न्या, पण पुसून आणा.” शिरीषही घरी होता. मंजिरीला तिच्या खुर्चीत बसवलं, मुलाखत लावली. अण्णांना आत बसवलं आणि सांगितलं, मी हात केला की हाक मारा.

“किती जोरात?”

“तुमच्या नेहमीच्या आवाजात.”

“मग जमेल,” म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी खुशीत दिसले. परीक्षा घ्यायची म्हटल्यावर या पिढीला जी तरतरी येते ती बघावी.

पहिलं बूच. “अगं मंजिरी, जरा येतेस का.” मंजिरीची बोटं टंकतच राहिली. दुसरं, तेच. तिसरं, तेच. चौथं तर तिचं स्वतःचंच. अण्णा आतून म्हणाले, “मी ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही लोक पैसे मोजता?” तेही तिनं ऐकलं नाही. शिरीष दारात हाताची घडी घालून उभा होता, तो मात्र हसला.

पाचवं जुन्या घाटाचं, बिनटोपीचं, नुसतं प्लास्टिकचं. पूर्वी मोबाइलच्या डब्यात फुकट यायचं तसलं. अण्णांची हाक लख्ख ऐकू आली. पण मुलाखतीतली बाई हळू बोलायला लागली की तिचं वाक्य विरून जाई, आणि मंजिरीच्या लहान डाव्या कानातून ते बूच सारखं घसरे. तासाभरात कान दुखायला लागला असता. एकाच कानात घालून तिनं आधीच बघितलं होतं, तिचं डोकं दुखे.

शिरीष म्हणाला, “झालं ना? मी उगाच नव्हतो सांगत.”

माझं डोकं फिरलं. चौथं बूच उचललं, डाव्या बाजूची टोपी काढून लहान मापाची चढवली, आणि मंजिरीची नखं कापायची कात्री मागितली. सुई चालत नाही. सुईनं पाडलेलं भोक रबर परत मिटवून टाकतं. कडेचा अगदी लहानसा तुकडा कापून काढावा लागतो, उंदरानं पापडाची कड कुरतडावी एवढाच. दोन्ही टोप्या कुरतडल्या.

“सुलभाताई, ते नवीन आहे!” मंजिरी ओरडली.

“परत कोणी घेणार आहे का?”

घातलं. डग्गा गेला, पार गेला. गाणं लावलं असतं तर डबड्यात वाजल्यासारखं वाटलं असतं. पण माणसाचं बोलणं डग्ग्यात नसतंच, ते वरच्या सुरांत असतं, आणि ते सगळं जागेवर होतं. मुलाखतीतली बाई हळू आवाजात तिच्या बहिणीबद्दल सांगत होती, मंजिरी टंकत होती. मी हात केला.

“अगं मंजिरी, जरा येतेस का.”

मंजिरीची बोटं थांबली. तिनं मान वळवली आणि म्हणाली, “आले, अण्णा.”

मग अण्णा म्हणाले, “काही नाही. काम कर.”

शिरीषनं केंद्राचा विषय पुन्हा काढला नाही. त्यानंतरच्या रविवारी त्यानं तीनदा ती परीक्षा स्वतः घेतली, एकदा चोरून न्हाणीघरात जाऊन अण्णांच्या आवाजात हाक मारून. मंजिरी तिथेही धावत आली, आणि अण्णांनी त्याला त्याच जुन्या पट्टीत झापलं: “माझ्या आवाजाची नक्कल करायची असेल तर आधी शब्द नीट उच्चारायला शीक.”

ही गोष्ट मी दुकानात सांगायला लागले. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, “घरी कोण असतं?” अनेकांना आवडत नाही. “तुम्हाला काय करायचंय?” म्हणतात. पण काही जण थबकतात. एकीला लहान बाळ असतं, एकाला वारंवार चक्कर येणारी बायको असते. त्यांना मी टोप्या कुरतडून देते. रोहननं ते बघितलं आणि काकांकडे तक्रार केली, मॅडम प्रॉडक्ट खराब करून विकतात म्हणून. काकांनी मला बोलावलं. मी म्हटलं, मी खराब करते ते सगळ्यांदेखत करते, स्टँडवाले गुपचूप करतात. काकांनी चष्मा पुसला. मग उठून स्टँडजवळ गेले, चारी बटणं दाबून ऐकली, पुन्हा दाबून ऐकली. इतकी वर्षं दुकान चालवून त्यांनी हे कधी केलं नव्हतं. रोहनला म्हणाले, “आवाज सारखा करा, नाहीतर स्टँड उचला. अडगळ होते.” आठवड्यात कंपनीनं स्टँड उचलला.

मला वाटलं, मी जिंकले. असं वाटणं हीच माझी जुनी खोड.

गेल्या महिन्यात रोहन नवीन माल घेऊन आला. डबा उघडताना चेहरा असा, जणू घरात बाळ जन्मलंय. “मॅडम, हे तुमच्यासाठीच बनवलंय. यात बाहेरचं ऐकू येतं!”

बुचाच्या बाहेरच्या अंगाला इवलासा मायक्रोफोन, तो बाहेरचा आवाज पकडून आत सोडतो. म्हणजे आधी कान बंद करायचे पैसे घेतले, आता बंद कान उघडायचे घेणार. ते पहिल्यापेक्षा जास्त, हे सांगायला नकोच. शिवाय बॅटरी उतरली की कान पुन्हा बंद. मी त्याला बोलायचं ते सगळं बोलले. काका गल्ल्यावरून ऐकत होते, गिऱ्हाइकं ऐकत होती, मिक्सरच्या काउंटरवरची मुलगीसुद्धा उठून आली. फार दिवसांनी मला असं मोकळं बोलायला मिळालं.

तो मुकाट्यानं उभा होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हटलं, “आणि तुम्ही? दिवसभर तुमच्या कानांत हेच. तुमच्या घरी कोण असतं?”

“आई असते.”

“मग ती हाक मारते तेव्हा काय करता?”

“नाही मारत, मॅडम,” रोहन म्हणाला. वाईट वाटून घेऊन नव्हे, अगदी सहज, मोबाइलचा पडदा माझ्याकडे वळवत. “मेसेज करते.”

वर आईचं नाव, खाली एक ओळ. जेवायला ये. त्याच्या वर आणखी एक, जेवायला ये. त्याच्याही वर तेच. दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघरातून.

काकांनी तो माल ठेवून घेतला, आणि खरं सांगते, तो भराभर खपतोय.